त्या दिवशीचं दूध

सीताबाईला कुणाचंच काही खरं वाटायचं नाही. गॅसची टाकी आली की ती दोन्ही हातांनी हलवून बघणार, पेंडीचं पोतं आलं की त्याची शिवण तपासणार, आणि संस्थेत दूध घालायला गेली की फॅटच्या मशीनवर अशी नजर रोखणार, की मशीनपाशी बसलेला माणूस उगीचच काच पुसायला लागायचा. "गोड बोलणाऱ्यानं माझ्या दारात दोनदा येऊ नये," असं ती उघड म्हणायची. गाव तिला हसायचं, पण काटा मारणारे तिच्या वाटेला जायचे नाहीत. नवरा गेल्यावर दोन म्हशी आणि एक पोरगा तिनं याच स्वभावावर सांभाळला होता.

आता अशी ही बाई, पण सुनेच्या बाळंतपणाची वेळ आली तेव्हा एका ठिकाणी मात्र डोळे झाकून गेली.

सून क्रांती पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिचं माहेर नदीपलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीत. भाद्रपदात धरणाचं पाणी सोडलं, नदी परत फुगली आणि पूल बुडाला. आईबाप त्या काठाला, लेक या काठाला. सीताबाईनं फोनवर विहिणीला सांगितलं, "काळजी करू नका. तुमची लेक माझ्या पदरात हाय." हे सांगताना तिला जरा भीतीही वाटली, पण बोलून गेली.

पोरगा जिनेंद्र दूधसंस्थेचा टेंपो चालवायचा. तो म्हणाला, "आव्वा, कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नाव घालूया की."

"मोठ्या दवाखान्यात दारातनं आत गेलं की पोट फाडत्यात," सीताबाई म्हणाली. "तिकटीवर आदितीबाई डॉक्टरीण हाय. चेअरमन अण्णांची सून. बस्तीत देवाच्या दर्शनाला येती, माझ्या शेजारी बसती. आपल्यातली बाई हाय. ती काय आपल्याला फसवणार हाय व्हय?"

तीन रस्ते मिळतात त्या तिकटीवरचा दवाखाना म्हणजे आसपासच्या गावांसाठी एका मंडळानं काढलेली कौलारू इमारत. आत ऑपरेशनची खोली होती, सिस्टर होत्या आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवलं होतं, प्रसूतितज्ज्ञ चोवीस तास. याचा अर्थ डॉक्टरीणबाई तिथं चोवीस तास बसायच्या असा नव्हे. सिस्टरचा फोन गेला की त्यांनी लगेच यायचं, असं ठरलेलं. त्यांचा बंगला ओढ्याच्या पलीकडं, गाडीनं पाच मिनिटांची वाट. ड्यूटीची पाळी असेल त्या दिवशी त्यांनी हाकेच्या अंतराबाहेर जायचं नाही, म्हणून त्यांना मंडळ पगार द्यायचं.

दूधसंस्थेचे चेअरमन वर्धमान अण्णा यांचं सांगायचं तर माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना एक अभिमान होता आणि तो त्यांच्या तोंडातून सतत सांडायचा. "महापूर आला, कोरोना आला, पण आपल्या संस्थेचं दूध एक दिवस चुकलं न्हाई." पोरांच्या बक्षीससमारंभात, मयताच्या दिवशी, कुठंही ते हे वाक्य बोलायचे. गेल्या वर्षी त्याबद्दल त्यांना शाल-श्रीफळ मिळालं, तेव्हापासून तर विचारायलाच नको. ते दूध चुकत नव्हतं ते जिनेंद्रमुळं. ओढ्यावरचा खालचा पूल बुडाला की तो माळावरच्या रस्त्यानं टेंपो काढायचा. वाट लांबची, पण कोरडी. ती चेअरमन अण्णांच्या बंगल्याच्या फाटकावरूनच जाते.

अनंत चतुर्दशी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. पाऊस बारीक लागून राहिला होता. सीताबाई गोठ्यात धारेला बसली होती आणि तिच्या मनात पारण्याचं चाललं होतं. चेअरमन अण्णांच्या बायकोनं पर्युषण पर्वाचे दहाही दिवस नुसत्या पाण्यावर काढले होते. आज त्यांचं पारणं. उपास सोडताना पहिला घोट घरच्या सुनेनं पाजायचा, मग एकेका बाईनं चमचा चमचा मुगाचं पाणी तोंडात घालायचं. अशा तपस्विनीला आपल्या हातानं पाजणं म्हणजे पुण्य. सीताबाईला बोलावणं होतं आणि तिनं ट्रंकेवर नवं लुगडं घडी घालून ठेवलं होतं.

क्रांती वैरणीचा भारा सोडत होती. भारा सुटला तशी ती मेढीला धरून उभी राहिली. कपाळ मेढीला टेकलं.

"काय गं?"

"आत्ती, आज मला काय जमंना झालंय."

सीताबाईनं चरवी बाजूला ठेवली. सुनेच्या पोटावर हात ठेवला तर पोट दगड झालेलं. लुगडं नि पारणं राहिलं बाजूला. जिनेंद्र पहाटेच पहिल्या खेपेचं दूध घेऊन गेलेला, म्हणून शेजारच्या गैबीला हाक मारली. त्यानं रिक्षा दारात लावली आणि गुडघाभर चिखलातून ढकलत रस्त्याला काढली. शेणाचे हात तिनं रिक्षातच पदराला पुसले.

दवाखान्यात शबनम सिस्टर होती. कमी बोलणारी, कपाळाला आठी. तिनं क्रांतीला आत घेतलं, तपासलं, पोटावर यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकले. मग बाहेर आली आणि कोपऱ्यात जाऊन फोनवर हळू आवाजात बोलली. सीताबाईचे कान तिथंच टवकारले. हळू बोलण्यासारखं काय आहे?

"काय झालंय?"

"काही नाही मावशी. बसा तुम्ही. आज आदिती मॅडमचीच ड्यूटी आहे, त्यांना कळवलंय."

"येवालेत?"

"निघाल्यात."

सीताबाई बाकावर बसली. आतून क्रांतीचं कण्हणं यायचं, थांबायचं, परत यायचं. पोरगी दात आवळून सोसत होती, ओरडत नव्हती, आणि त्याचंच सीताबाईला जास्त भ्या वाटत होतं. म्हैस विताना अडली तर संस्थेच्या ढोरडॉक्टरला फोन लावायचा की गम बूट घालून तो पावसात हजर. मागल्या पुरात तो छातीभर पाण्यातून आला होता. सीताबाईला ते आठवलं आणि तिनं ते मनातून घालवलं, कारण सुनेची आणि म्हशीची बरोबरी करणं बरं नव्हतं.

मध्येच एक माणूस मोटारसायकलवरून आला. रेनकोट काढून खुंटीला लावला. भूल देणारे डॉक्टर होते. सिस्टरनं त्यांनाही बोलावून घेतलं होतं. ते आत गेले, बघून आले, घड्याळाकडं बघितलं आणि खुर्चीत बसून राहिले. म्हणजे कापायचं ठरलंय, हे सीताबाईनं ओळखलं. पण कापणारी कुठं आहे?

सिस्टर परत बाहेर आली. या वेळी तिचा चेहरा बदललेला होता. तिच्या हातातल्या कापडावर हिरवट डाग सीताबाईनं बघितला. सिस्टरनं कापड मागं घेतलं.

"ते काय हुतं?"

"पाणी सुटलंय."

"हिरवं कसलं पाणी? आं? मला काय कळत न्हाई व्हय?"

"बाळानं आत शी केलीय, मावशी. लवकर काढाय पाहिजे. मॅडम निघाल्यात."

"मघाधरनं निघाल्यातच म्हणालीस. कोल्हापूरला तर ने."

"ॲम्ब्युलन्स पूरग्रस्तांना सोडायला गेलीय. आणि तेवढा वेळ नाही आता."

सीताबाईचा संशय तिथं पक्का झाला. ही बया फोनच करत नाही. आपल्याला बसवून ठेवायचं, वर डॉक्टरणीच्या नावावर खपवायचं. आपली बाई असली तर ती यायची राहील का? या सिस्टरीचंच काहीतरी आहे. ती उठली आणि तिनं शबनमचं मनगट धरलं.

"माझ्यादेखत लाव फोन. मला ऐकू दे."

शबनमनं तिच्याकडं बघितलं. हात सोडवून घेतला नाही. फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"शबनम, अगं ओढ्याला पाणी आलंय," आदितीबाईंचा आवाज आला. "रस्ता बंद आहे. मी थांबलेय इथं. उतरलं की येते. तोवर ऑक्सिजन लाव, कुशीवर झोपव."

"मॅडम, ठोके फार खाली जायलेत—"

"येतेच म्हटलं ना."

फोन बंद झाला. शबनम आत पळाली. सीताबाई होती तिथंच उभी राहिली. आवाजामागं तिनं दुसरंही ऐकलं होतं. घंटा वाजत होती, आणि बायका एका सुरात म्हणत होत्या. पारण्याच्या वेळी म्हणायचं ते. चाळीस वर्षं ती स्वतः म्हणत आली होती. ओढ्याच्या काठावर पावसात ते कोण म्हणत उभं राहील?

तेवढ्यात टेंपोचा आवाज आला. मोकळे कॅन खणखणत होते. गैबीनं फोन केला म्हणून जिनेंद्र दुधाच्या शीतकेंद्रावरून थेट इकडंच आला होता. तो उतरायच्या आत सीताबाई दारापाशी पोचली.

"कुठल्या रस्त्यानं आलास?"

"माळाच्या. क्रांती कुठं हाय?"

"पाणी हाय का रस्त्याला?"

"माळाला कुठलं आलंय पाणी? आव्वा, क्रांती—"

"डॉक्टरीण बंगल्यात हाय. गाडी फिरव."

आत जाऊन तिनं शबनमला एवढंच सांगितलं, "मी आणायला जातो. पोरीचा हात सोडू नगं." शबनमनं मान हलवली. कपाळावरून घाम ओघळला होता, तो पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

माळाचा रस्ता ओला होता, पण त्यावर थेंबभर पाणी साचलेलं नव्हतं. सीताबाई पुढं बसून बघत होती. दोन मोटारसायकली समोरून गेल्या, एक वैरणीचा ट्रॅक्टर गेला. जिनेंद्र दात खाऊन गाडी हाणत होता. 

बंगल्यासमोर मांडव घातला होता. फाटकापासून गाड्याच गाड्या. आदितीबाईंची पांढरी गाडी पार आत, पोर्चमध्ये, कोरडी ठणठणीत. सीताबाई उतरली आणि मांडवात शिरली. दारातल्या बाईनं तिला अडवलं.

"पावणं, पाय धुवा आधी. आत तपस्वी बसल्यात."

सीताबाईनं खाली बघितलं. पोटऱ्यांपर्यंत चिखल आणि शेण होतं. तिनं पाय धुतले. का धुतले, हे तिला पुढं कितीतरी दिवस कळलं नाही. पाय धुतले, कपाळाला गंध लावून घेतलं आणि आत गेली. कुणीतरी म्हणालं, "सीताबाई, आज हे लुगडं व्हय?" आणि दोघी हसल्या.

पाटावर चेअरमन अण्णांची बायको बसली होती. दहा दिवसांत गाल आत गेले होते, ओठांना भेगा पडल्या होत्या, डोळे मिटलेले. बायकांची ओळ लागली होती. पाटाशेजारी रेशमी साडीत आदितीबाई, एका हातात चांदीची वाटी आणि खांद्यानं कानाशी धरलेला फोन.

"हो गं शबनम. ओढ्यापाशीच आहे. उतरतंय पाणी. निघते."

सीताबाईनं हे चार हातांवरून ऐकलं.

आता खरं तर तिनं ओरडायला पाहिजे होतं. वाटी उधळायला पाहिजे होती. मशीनवाल्याला घाम फोडणारी बाई ती. पण समोर त्या भेगाळलेल्या ओठांवर पाण्याचा थेंब थांबला होता, सगळा मांडव गप्प होता, आणि जन्मभर ज्याच्यापुढं हात जोडले त्या गोष्टीनं तिला अडवून धरलं. तिच्या पुढं तीन बायका होत्या. ती त्यांच्या मागं उभी राहिली. एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. कुणीतरी तिच्या हातात चमचा दिला. तिनं मुगाचं पाणी घेऊन त्या उपाशी बाईच्या तोंडात घातलं. थोडं पदरावर सांडलं.

मग तोंड न वळवता ती आदितीबाईंना म्हणाली, "माझी सून तिकटीवर हाय. टेंपो दारात हाय. ओढ्यापाशी जायाचं काय कारण न्हाई."

आदितीबाईंचा चेहरा पांढरा पडला. वाटी त्यांनी शेजारच्या बाईच्या हातात दिली आणि चपला न घालता बाहेर आल्या. त्यांची गाडी पाहुण्यांच्या गाड्यांमागं अडकली होती. त्या रेशमी साडीनिशी टेंपोत चढल्या.

वाटेत त्या बोलायला लागल्या. कुणी विचारलं नव्हतं. "मावशी, पहिलटकरणीला वेळ लागतोच. मला वाटलं, तेवढ्यात पहिला घोट पाजून होईल. सगळे पाहुणे बसलेले. सासूबाई दहा दिवस उपाशी. सुनेनंच पाजायचं असतं. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय," सीताबाई म्हणाली.

खोटं नव्हतं ते. तिला सगळं माहीत होतं, म्हणूनच तिला शेजारी बसलेल्या त्या बाईकडं बघवेना.

ऑपरेशन चांगलं झालं. म्हणजे क्रांती वाचली. आदितीबाईंचे हात चलाख होते, हे कुणीही सांगेल. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या माय-लेकरांना आतून रडणं ऐकू आलं नाही. पाठीवर थापट्या मारल्याचा आवाज आला, शबनमचा "रड की रे, रड" असा आवाज आला, परत थापट्या. बराच वेळ गेला. मग ते सगळंच थांबलं.

शबनमनं पांढऱ्या कापडात गुंडाळून बाहेर आणला. मुलगा होता. डोकं केसांनी भरलेलं, नखं वाढलेली, सगळं जिथल्या तिथं. जिनेंद्रनं घेतला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला.

चेअरमन अण्णा संध्याकाळच्या आत आले. रिकाम्या हातानं आले, टोपी काढून बसले. डोळ्यांत पाणी होतं, ते खरं होतं. म्हणाले, "सीताबाई, होणारं हुतं. ओढ्याला पाणी आलं, त्याला कोण काय करणार? सुनेचा जीव वाचवला, हे काय कमी हाय?" आणि जाताना जिनेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर नेलं. काय बोलले ते सीताबाईला ऐकू आलं नाही. पण जिनेंद्र परत आला तेव्हा आईच्या नजरेला नजर देईना.

क्रांती शुद्धीवर आल्यावर तिनं पहिल्यांदा पोटाला हात लावला. मग विचारलं. तिला सांगितलं. ती छताकडं बघत म्हणाली, "आत्ती, डॉक्टरीण कुठं हुत्या?"

सीताबाईच्या जिभेवर सगळं होतं. पण टाके ओले होते, पोरगी कागदासारखी पांढरी झाली होती, आणि खरं सांगायचं तर त्याच तोंडानं चमच्याचंही सांगावं लागलं असतं.

"पाणी आलतं, बाई," ती म्हणाली. "रस्ता बंद हुता."

क्रांतीनं डोळे मिटले. सासूचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता.

घरी आल्यावर दिवस कामात जायला लागले. म्हशींना काय, त्यांना वेळेवर धार पाहिजे. सीताबाई पहाटे उठायची, शेण भरायची, विळा घेऊन ओल्या बांधावरून गवत कापून आणायची. डोक्यावरच्या भाऱ्यातून पाणी मानेवर ठिबकायचं. क्रांतीचा पान्हा फुटला होता आणि पिणारं कुणी नव्हतं. छाती दगडासारखी, अंगात ताप. चोळी भिजून वास यायचा. सीताबाई तिला मागच्या खोलीत बसवून वाटीत दूध पिळून काढायची. क्रांती भिंतीकडं तोंड करायची. ती वाटी घेऊन सीताबाई परसात जायची आणि लिंबाच्या बुडात ओतायची. मग हात धुऊन म्हशीच्या धारेला बसायची. चरवीत धार वाजायची आणि तिला काही सुचायचं नाही. आपण तो चमचा पाजला नसता तर? तीन बायकांच्या मागं उभं राहिलो नसतो तर? एवढ्याशा वेळानं काय झालं असतं, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तरी तिनं विश्वास ठेवला नसता.

आता तिला सगळ्यांचाच संशय यायचा. चेअरमनीणबाईंनी कुणाच्या तरी हाती साजूक तूप पाठवलं, ते तिनं तसंच परत केलं. जिनेंद्र म्हणाला, "आव्वा, असं करू नये. संस्था नवा टेंपो घेवालीया. अण्णा म्हणालेत, तुलाच देतो."

"कशाबद्दल देवालेत?"

"कशाबद्दल म्हंजे? मी चालवतो म्हणून."

"तू चालवतोस हे त्यांना आज कळलं व्हय?"

जिनेंद्र ताटावरून उठला. रात्री तो गोठ्यातच झोपला.

टाके बघायला शबनम एकदा घरी आली. क्रांतीचं काम झाल्यावर परसात हात धूत ती सीताबाईला हळूच म्हणाली, "मावशी, मला सांगितलंय, विचारलं तर पूल बुडालता म्हणायचं. बुडालता हे खरंच हाय. खालचा बुडालता."

"आणि तू काय म्हणणार?"

"मी फोन केले तेवढे सांगणार. पण त्या कुठं हुत्या हे मी बघितलं नाही. बघितलेलं तुम्हीच." ओढणीनं हात पुसत ती पुढं म्हणाली, "तुम्हाला निघाल्यात निघाल्यात म्हणाले, ते माझं चुकलं. मला पहिल्या खेपेलाच कळलं हुतं, त्या निघाल्या नव्हत्या."

सीताबाईला तिचं मनगट आठवलं. त्या दिवशी आपण चोर समजून धरलं होतं ते. तिनं शबनमला चहाला बसवून घेतलं आणि स्वतःच्या कपात ओतून दिला.

अशी मयतं झाली की चौकशी होते. तालुक्याहून डॉक्टर मॅडम आल्या, पिकल्या केसांच्या, साध्या चपलांतल्या. सोबत एक लिहून घेणारा. अंगणात खुर्च्या टाकल्या. बातमी कशी कळली कोण जाणे, पण चेअरमन अण्णा आधीच येऊन बसले होते. क्रांती आत, उंबऱ्याच्या पलीकडं, दाराआड बसली होती. तिच्या बांगड्यांचा आवाज मधूनच यायचा.

मॅडमनी सरळच विषय काढला. "ज्या डॉक्टरांची पाळी असते, त्यांना बोलावल्यावर यावंच लागतं. घरी काय आहे, कोण आलंय, हे कारण चालत नाही. फोनवर सांगून भागत नाही. बाई अडलेली आहे हे कळल्यापासून ती त्यांची पेशंट. पण रस्ताच बंद असेल, तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांचं म्हणणं आहे, रस्ता बंद होता. तुम्ही त्यांना आणायला गेला होता ना?" त्यांनी जिनेंद्रला विचारलं. "रस्ता कसा होता?"

जिनेंद्रनं अण्णांकडं बघितलं. मग पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली.

"बंद हुता."

"मग तुम्ही गेला कसे?"

"आम्ही गेलो तवा उतरलं हुतं पाणी. आधी बंदच हुता."

लिहिणाऱ्यानं लिहिलं. अण्णांनी सुस्कारा सोडला. दाराआड बांगड्या वाजल्या नाहीत.

सीताबाई पायरीवर बसली होती. तिनं पोराकडं बघितलं. आपणच सुनेला सांगितलेलं खोटं हा आता सरकारी माणसापुढं म्हणत होता. नवा टेंपो गेला तर जाईल, हा टेंपोही जाईल, संस्थेत दूध घालायला लाज वाटेल, बस्तीत शेजारी कुणी बसणार नाही. हे सगळं तिनं चाऱ्याच्या भाऱ्यासारखं एकदा उचलून बघितलं. मग अण्णांकडं वळली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"अण्णा, एक इचारू? पारण्याच्या दिवशी आपल्या संस्थेचं दूध गेलं हुतं का वो?"

अण्णा ताठ झाले. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता आणि त्याचं उत्तर त्यांच्या तोंडात कायम तयार असायचं. "गेलं की. न जायला काय झालं? महापूर आला, कोरोना आला, पण आपल्या संस्थेचं दूध एक दिवस—"

ते थांबले.

"कवा गेलं?" सीताबाईनं विचारलं.

अण्णांनी जिनेंद्रकडं बघितलं.

"पहाटे गेलं, आणि डॉक्टरीणबाईंचा फोन चालू हुता तवा कॅन मोकळे करून टेंपो माघारी आला. तुमच्या फाटकावरनं गेला, तुमच्या फाटकावरनं आला. जिनू, रस्ता बंद हुता तर त्या दिवशीचं दूध कुठनं नेलंस?"

जिनेंद्रनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. दवाखान्यात भिंतीला टेकून बसला होता तेव्हाही तो असा रडला नव्हता.

मॅडमनी लिहिणाऱ्याला थांबवलं. "मावशी, डॉक्टर कुठं होत्या, हे तुम्ही स्वतः बघितलंत?"

"बघितलं. सासूला पाजत हुत्या. हातात वाटी आणि कानाला फोन. फोनवर ओढ्यापाशी हाय म्हणत हुत्या." सीताबाईचा आवाज इथवर सरळ आला आणि मग फाटला. "आणि मी बी लगीच बोललो न्हाई. मी बी वळीत उभी राहिलो. तीन बायका झाल्यावर मी बी चमचा पाजला, मग बोललो. ते बी लिवा. आणि घरात पोरीला मीच पहिल्यांदा सांगितलं, रस्ता बंद हुता म्हणून. ते बी लिवा."

अण्णांनी टोपी घातली, परत काढली आणि हातात धरून बसले. पावसाची भुरभुर सुरू झाली होती, पण खुर्च्या कुणी उचलल्या नाहीत.

दार वाजलं. क्रांती बाहेर आली. बाळंतिणीनं इतक्यात उंबरा ओलांडू नये, पण ती ओलांडून आली, एका हातानं पोट धरून. चोळी समोरून भिजलेली होती आणि तिनं पदर ओढून झाकली नाही. ती सासूकडं बघत राहिली. सीताबाईला वाटलं, आता ही काय बोलेल ते ऐकून घ्यायचं, मान खाली घालायची.

क्रांती पायरीवर बसली. सासूपासून हातभर अंतर ठेवून बसली.

"आत्ती," ती म्हणाली, "पहिल्यापासनं सांगा. मी ऐकालोय."

सीताबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्यापासून सांगायला लागली.